गजाने शिव्या बंद केल्या

सोम. ३ फेब्रु.
झोप नाही. उठून गॅसचं बटण बघितलं, बंद होतं. परत पडलो. परत वाटलं, नीट बघितलं नाही. उठलो तर स्वाती आतूनच म्हणाली, बाबा, मी बंद केलाय, झोपा. सून चांगली आहे. तिला माझ्या पावलांवरून कळतं कुठे चाललोय ते.
दुपारी क्लब हाऊस. गजा आधीच पूलची काठी घेऊन उभा. मी पहिलाच बॉल चुकलो. भोकाच्या तोंडाशी होता, फुंकर मारली तरी पडला असता.
गजा : रघ्या, तू होडीत बसून थुंकलास तर समुद्र चुकवशील.
पेडणेकर हसत हसत खुर्चीत बसला, खोकला लागेपर्यंत.
पूर्वी घरी आलो की ही चहा टाकता टाकता विचारायची, आज काय म्हणाले गजाभावजी? मी सांगायचो. पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, तुम्ही पण द्या की एखादी. मला देता येत नाही. तोंडापर्यंत येतच नाही. गेल्या श्रावणात ती गेली. आता सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितो. हसू येत नाही. पण लिहिलं नाही तर काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटतं.

गुरु. ६ फेब्रु.
सेक्रेटरीने नवीन पाटी लावली. पूल टेबलावर पावडर टाकू नये. हे आमच्यासाठीच.
जुनी बिल्डिंग होती तेव्हा आम्ही तिघे जिन्याखाली कॅरम खेळायचो. बिल्डरने ती पाडली, टॉवर बांधला, आम्हाला नवव्या मजल्यावर घर दिलं आणि कॅरमच्या बदली हे हिरवं टेबल. नवीन विंगमधली मुलं चार दिवस खेळली, मग फिरकली नाहीत. आम्ही धरलं. पहिल्याच दिवशी पेडणेकरने सवयीने डबा उघडून बोरिक पावडर टाकली, सगळ्या हिरव्यावर. डाग अजून आहे. पांढऱ्या बॉलला आम्ही अजून स्ट्रायकर म्हणतो आणि काळ्याला राणी. आपले सगळे गेले की शेवटी राणी घ्यायची. घेतली तो जिंकला.
मी अजून एकदाही घेतलेली नाही.
पेडणेकर बसमध्ये कंडक्टर होता, त्याच्या शिव्या पण तशाच. आज : तुझा स्ट्रायकर बिनतिकीट फिरतो रे. सगळे स्टॉप घेतो, उतरत कुठेच नाही.
मारायच्या आधी मी काठी मागेपुढे करत राहतो. भीती वाटते, चुकेल म्हणून. गजा : ओवाळून झालं असेल तर मार. त्या बॉलला वाटेल त्याचं लग्न आहे.
दोन चांगल्या मिळाल्या आज.

सोम. १० फेब्रु.
पँट खाली उतरते. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. महेशने बघितलं. म्हणाला, बाबा, तुमचं वजन किती उतरलंय. मी म्हटलं, म्हातारपणी उतरतंच. त्याने स्वातीकडे बघितलं. बुधवारी मुलुंडच्या हॉस्पिटलात.
आता बुधवारपर्यंत झोप नाही.
गजाला सांगितलं. म्हणाला, बरं झालं, डॉक्टरला विचार हाताला हाड आहे का.

बुध. १२ फेब्रु.
हॉस्पिटल. सकाळपासून उपाशी. मोठ्या गोल मशीनमध्ये घातलं. आतून एक बाई सांगते, श्वास धरा, श्वास सोडा. मी धरला आणि ती सोडा म्हणायची विसरली की काय असं वाटून आधीच सोडला. मग परत सगळं पहिल्यापासून.
डॉक्टर मराठीच होता, पण महेशशी इंग्लिशमध्ये बोलला. मग महेश म्हणाला, बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा. माझं शिक्षण सातवी. बाहेर बसलो. समोरच्या माशांच्या पेटीत एकच मासा होता.
रिक्षात महेश म्हणाला, थोडी सूज आहे, औषधाने जाईल. घरापर्यंत त्याने फोन खिशातून काढला नाही. एरवी हातातून सुटत नाही.

गुरु. १३ फेब्रु.
हाताला सुईची पट्टी होती. गजा : रक्त बघितलं ते ठीक, डोळे बघितले का?
पेडणेकर आमच्या मालवणकडचा, रंगात आला की मालवणीवर जातो : डोळे बरे आसत मेल्या. डोळे बघतत म्हणान हात लाजता.
ही हसली असती. हिचं माहेर त्याच्या शेजारच्या वाडीतलं.
महेशने औषधाच्या गोळ्या आणल्या. साधी ॲसिडिटीची आहे, मला ती गोळी माहीत आहे. सुजेला ही गोळी देतात का? विचारलं नाही.

सोम. १७ फेब्रु.
तीन वाजता खाली गेलो तर क्लब हाऊसमधून महेश बाहेर येत होता. आज कामाचा दिवस. मला बघून दचकला. म्हणाला, मेंटेनन्सच्या पावतीचं विचारायचं होतं. पावती क्लब हाऊसमध्ये मिळत नाही, ऑफिसात मिळते. ऑफिस पलीकडच्या बाजूला.
आत गजा आणि पेडणेकर दोघे बसलेले. टेबल लावलेलं नाही. मला बघून पेडणेकर उठला आणि त्याने मला खुर्ची दिली.
खेळलो. मी स्ट्रायकरच भोकात घातला.
गजा : बरा होता.
मला वाटलं पुढे काहीतरी येईल. थांबलो. काही आलं नाही. पेडणेकर म्हणाला, होतं असं कधीकधी.
आज लिहायला काही नाही.

मंगळ. १८ फेब्रु.
आज पण नाही. दोघे टेबलाभोवती असे फिरतात जसे सोवळ्यात आहेत.

बुध. १९ फेब्रु.
मुद्दाम वाईट खेळलो. म्हटलं बघू. काठी मागच्या जाड टोकाने धरली. कोणी काही बोललं नाही. मग जोरात मारला. बॉल टेबलावरून उडून पाण्याच्या कूलरवर आपटला आणि दारापर्यंत गेला.
असं मी पंधरा दिवसांपूर्वी केलं असतं तर गजा आठवडाभर जेवला असता त्यावर.
आज तो वाकून बॉल घेऊन आला. त्याचा गुडघा दुखतो, तरी वाकला. बॉल सदऱ्याला पुसला, माझ्यासमोर ठेवला.
म्हणाला, घे, परत मार.
परत मारायला द्यायचं नसतं. पाळी जाते. हा नियम गजानेच आम्हाला शिकवला, त्याच्या मुलाला फोनवर विचारून.
रात्री जेवण गेलं नाही. स्वातीने मऊ भात केला होता. मी मागितला नव्हता.

गुरु. २० फेब्रु.
आज मी जिंकलो.
राणी भोकाच्या काठावर होती, गजाने आणून ठेवल्यासारखी. गजासारखा माणूस आपली राणी तिथे सोडत नाही. मी मारली, पडली. पेडणेकरने टाळ्या वाजवल्या. गजा खिडकीबाहेर बघत होता.
घाबरून घरी आलो. जिन्याने आलो, लिफ्टसाठी थांबलो नाही. मध्ये दोनदा बसावं लागलं.
आमच्यात एक रीत आहे. लिहून ठेवलेली नाही, पण जिन्याखालच्या कॅरमपासून आहे. ज्याच्या घरी सुतक, त्याला शिवी नाही. तेरा दिवस त्याच्याशी गोड बोलायचं. तो चुकला तरी बरा होता म्हणायचं. पेडणेकरचा भाऊ गेला तेव्हा तसंच केलं. ही गेली तेव्हा मी चार दिवसांनी खाली येऊन नुसता बसायचो आणि दोघे माझ्याशी पाहुण्यासारखे वागायचे. चौदाव्या दिवशी मी काठी घेतली. गजा म्हणाला, तेरावं झालं ना? मग नीट धर. वहिनी वरून बघते, तिला तोंड दाखवायला जागा ठेव.
त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो होतो.
आता आमच्या घरी कोणाचं सुतक आहे?
कोणी गेलेलं नाही. गावाहून फोन नाही.

शनि. २२ फेब्रु.
मासळी आणायला गेलो. मला कोळंबी हवी होती असं नाही. गजाची बायको हिरा स्टेशनकडच्या बाजारात बसते. मला बघायचं होतं ती काय बोलते.
हिरा मला दर वेळी झाडते. बोट लावू नका भावजी, मेलेलेच आहेत ते, परत काय मारता? किंवा, एवढं बघून घेता, लग्न ठरवताय का माशाशी? हिला बरोबर घेऊन गेलो तर दोघी मिळून.
आज मी मुद्दाम प्रत्येक बांगडा उचलून बघितला. कल्ले उघडून बघितले. ती काही बोलली नाही. म्हणाली, तुम्ही बसा भावजी, मी चांगला देते. पाटाखालून स्टूल काढून दिलं. साफ करताना मान खाली. पिशवी हातात देताना म्हणाली, जपून जा.
पूर्ण बाजारात मी एकटाच स्टुलावर.
तिला पण माहीत आहे.

सोम. २४ फेब्रु.
महेश आणि स्वाती आत बोलत होते. मी गेलो तर स्वाती म्हणाली, चहा हवा का बाबा. महेशचे डोळे लाल होते, म्हणाला एसीची हवा लागली.
विचारावं का. जीभ उचलत नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि मग ते सांगितलेलं होईल. तो लहान असताना परीक्षेचा निकाल आला की खिशात घालून दिवसभर फिरायचा. आताही त्याचा तोच चेहरा आहे.
मला आत काही वाटत नाही हे खरं. भीती गॅसची वाटते, दाराच्या कडीची वाटते, लिफ्ट मध्येच बंद पडेल याची वाटते. याची तेवढी वाटत नाही. जागा रिकामी आहे.
खेळलो. शिवी नाही.

बुध. २६ फेब्रु. महाशिवरात्र.
उपवास. साबुदाणा दोन घास. पेडणेकर देवळात गेला होता, क्लब हाऊसला मी आणि गजा दोघेच. टेबल लावलं नाही. बाहेर कठड्याजवळच्या बाकावर बसलो, जिथून खाडीकडची खारफुटी दिसते. गजा तिकडे बघत असतो, ओहोटी-भरती त्याला इथूनही कळते.
मी म्हटलं, गजा, महेश काय बोलला तुमच्याशी?
काय नाय.
मग शिव्या का बंद?
वय झालं माझं.
मी म्हटलं, तुला खोटं बोलता येत नाही. मला पूल येत नाही तसंच.
यावर त्याने उत्तर द्यायला पाहिजे होतं. एवढं सोपं दिलं होतं मी, भोकाच्या तोंडावर.  त्याने नुसतं उपरण्याने तोंड पुसलं.
म्हणाला, पोटात गाठ आहे म्हणाला. कसली ते अजून कळायचंय. सुई घालून तुकडा काढणार, मग कळणार. साधी पण असू शकते. पोरगा माझ्यासमोर उभा राहून रडला रे. म्हणाला, काका, बाबांना लागेल असं काही बोलू नका आता, ते आधीच घाबरट आहेत. शपथ घातली मला. मी शपथ मोडली आता.
मी म्हटलं, बरं.
अजून काय म्हणणार. खाडीवर बगळे होते. मला भूक लागली. घरी येऊन उरलेला साबुदाणा खाल्ला, सगळा.

गुरु. २७ फेब्रु.
सकाळी महेश बूट घालत होता. मी म्हटलं, सुई कधी घालायची आहे?
तो वाकलेला तसाच राहिला. मग म्हणाला, गजाकाकांनी सांगितलं?
मी म्हटलं, नाही. मी जिंकलो तेव्हाच कळलं.
त्याला समजलं नाही. बाबा, मी सांगणारच होतो, नीट कळलं की. मी म्हटलं, हो. तो ऑफिसला गेला नाही. दिवसभर घरात इकडून तिकडे. मला दोनदा विचारलं, पंखा वाढवू का.
त्याचा दोष नाही. त्याला काय माहीत आमची रीत. त्याला वाटलं शिव्या लागतात.

सोम. ३ मार्च
गजाला स्पष्ट सांगितलं. पेडणेकर पण होता. मी म्हटलं, सुतक माणूस गेल्यावर असतं. मी गेलो की तेरा दिवस गप्प बसा, मी काही म्हणणार नाही. त्याच्या आधी धरायचं नाही.
पेडणेकर म्हणाला, असं अभद्र बोलू नको रघू.
रघू. चाळीस वर्षांत कधी रघू म्हणाला नव्हता.
गजा म्हणाला, चल, लाव टेबल. लावलं. मी मारला, चुकलो, सवयीने काठी ओवाळून चुकलो. गजाकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं. बंद केलं.
म्हणाला, जमत नाय रे. आतपर्यंत येतं, बाहेर येत नाय.
मला माहीत आहे ते कसं असतं.

शुक्र. ७ मार्च
तिघे म्हातारे, तिघे पाहुणे. तू मार. नाही, आधी तू मार. बरा होता. तुझा पण बरा होता. सेक्रेटरी डोकावून गेला, त्याला वाटलं भांडण झालंय. जाताना पेडणेकरला विचारत होता, सगळं ठीक आहे ना.
मी परत जिंकलो. नको वाटतं.
पट्ट्याला अजून एक भोक.

मंगळ. ११ मार्च
सुई घातली. आधी बधिर केलं, दुखलं नाही. नुसतं कोणी आत ढकलतंय असं. वरती छताला एक पट्टी सैल होती, ती पडेल का बघत राहिलो. डॉक्टर या वेळी माझ्याशी मराठीत बोलला. काका, आठवड्याने कळेल. साधी पण असू शकते. गजा पण हेच म्हणाला होता, त्याच शब्दांत.
महेशने माझा हात धरून रस्ता ओलांडला. हात गार होता त्याचा.

गुरु. १३ मार्च. होळी.
सेक्रेटरीने परवानगी दिली पण लहान, पत्र्यावर, धूर नको. जुन्या बिल्डिंगमध्ये होळी पहिल्या मजल्यापर्यंत जायची. संध्याकाळी सगळे कंपाउंडमध्ये. स्वातीने पुरणपोळीचा नैवेद्य आणला, महेशने नारळ. टॉवरची मुलं मोबाईल घेऊन उभी.
होळी पेटली. आमच्याकडे शिमग्याला बोंब मारतात आणि एकेकाचं नाव घेऊन शिवी देतात. त्या दिवशी दिलेली लागत नाही, उलट ज्याचं नाव घेतलं नाही त्याला राग येतो. जुन्या बिल्डिंगपासून क्रम ठरलेला. पेडणेकर सुरू करतो. तोंडावर हात आपटून त्याने गजाची काढली, त्याच्या नाकावरून. गजाने पेडणेकरची काढली, मोडलेल्या तिकिटाच्या मशीनवरून. मग तळमजल्याच्या शिंदेची. सेक्रेटरीची पण काढली, पावडरीवरून, तो हसला.
मग माझी पाळी. सगळ्यांना माहीत आहे, शिंदेनंतर रघुनाथ. पेडणेकरने हात तोंडाजवळ नेला आणि खाली घेतला. गजा होळीकडे बघत होता.  लाकूड तडतडलं. महेश नारळ धरून उभा.
माझं नाव कोणी घेतलं नाही.
मग काय झालं मला ठाऊक नाही. मी हात तोंडावर आपटला. आवाज आला नाही, परत आपटला. मी म्हटलं, गजा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पुढचं सुचेना. मी म्हटलं, गजा, तू खेळतोस ना, तू माशासारखा खेळतोस.
गजा म्हणाला, मासा?
मी म्हटलं, मेलेल्या.
कुठल्या?
बांगडा.
कोणी हसलं नाही.  कधी दिली नव्हती ती दिली आणि अशी. खाली बघितलं.
मग गजाचा आवाज. हळूच सुरू झाला, पण त्याचाच. रघ्या, उभ्या जन्मात एक शिवी काढलीस, आणि ती बांगडा? कोळ्याला बांगड्याची शिवी देतो? अरे, शिवी पण तुझी दोन कडांना आपटून परत तुझ्याच बाजूला आली. काठी ओवाळतो तसं तोंड ओवाळत होतास मघापासून, मला वाटलं नारळ गिळतोयस. त्या टेबलाच्या तुझ्या बाजूच्या भोकात जाळं धरलंय, माहीत आहे? आमच्यातल्या कोळ्याने नाय, आठ पायांच्या कोळ्याने. त्याला कोणीतरी सांगितलंय, इथे घर कर, इथे कधी काय पडत नाय.
पेडणेकरने मोठ्याने बोंब मारली. शिंदे, मुलं, सगळी. स्वाती तोंडाला पदर लावून हसत होती. तिने ओढणी घेतली होती, पदर नव्हता. मला पदरच दिसला.
महेश घाबरून गजाकडे बघत होता, मग माझ्याकडे. मी हसत नव्हतो. पण त्याने काहीतरी बघितलं असेल. त्याने नारळ होळीत टाकला.
घरी येऊन हे सगळं लिहिलं. हात दुखला. बऱ्याच दिवसांनी एवढं लिहायला मिळालं.

शुक्र. १४ मार्च
धुळवड, क्लब हाऊस बंद. गजा दारात येऊन गेला, कपाळाला रंग लावला. स्वातीला म्हणाला, बांगडा आहे का घरात? स्वाती म्हणाली, आहे, झोपलाय. ती पण.

सोम. १७ मार्च
गजा पूर्ण जोरात. महिनाभराचं साचलेलं. लिहून पुरत नाही, दोनच लिहितो. एक, तू बॉल मारतोस तेव्हा बॉलला कळतच नाही, तो आपला वाऱ्याने हलला असं समजून परत झोपतो. दुसरी, डॉक्टरने तुझ्या पोटात सुई घातली, एकदाच, आणि बरोबर जागी. त्याला आणा, तुझ्या जागी त्याला खेळवू.
दुसरी ऐकून पेडणेकरने माझ्याकडे बघितलं. गजा पण बोलल्यावर जरा थांबला. मी म्हटलं, लिहून ठेवतो. मग तो परत सुरू झाला.
हरलो. बरं वाटलं असं लिहिणार होतो. बरं वाटतं की नाही कळत नाही. पण रात्री गॅस एकदाच बघितला.

बुध. १९ मार्च
दुपारी खेळत होतो. गजाचे सगळे गेले, तो राणी चुकला. खरोखर चुकला, मी त्याचा चेहरा बघितला, चिडला होता. माझे पण सगळे गेलेले, कसे ते विचारू नये. राणी कोपऱ्यापासून वीतभर. माझी पाळी. काठीला खडू लावला.
तेवढ्यात महेश दारात आला. रिपोर्ट आलाय, डॉक्टरने संध्याकाळी भेटायला बोलावलंय, आत्ताच निघू, रस्त्याला गर्दी असेल. फोनवर काय सांगितलं विचारलं. म्हणाला, फोनवर सांगत नाहीत. त्याचा चेहरा निकाल खिशात असल्यासारखा नव्हता. त्याला पण माहीत नाही.
मी म्हटलं, एवढं मारून येतो. काठी धरली, मागेपुढे केली. 
गजाने माझी काठी हातातून काढून घेतली. म्हणाला, असा घाईने मारू नकोस. जा. येऊन मार. कोणाला हात लावू देणार नाय मी.
खांद्यावरचं उपरणं काढून त्याने टेबलावर पसरलं, राणी आणि स्ट्रायकर झाकून. पेडणेकरने खुर्ची ओढून दारात लावली, सेक्रेटरी आला तर.
मी दारात थांबलो. म्हटलं, आज यायला उशीर झाला तर?
गजा : मग उद्या ये. परवा ये. चुकणारच आहेस. आज चुकलास काय नि महिन्याने चुकलास काय, आम्हाला कुठे जायचंय.
वर येऊन शर्ट बदलला. महेश खाली रिक्षा बघतोय. स्वातीने पाण्याची बाटली भरून दिली. गॅस बघितला. गजाचं वाक्य विसरायच्या आधी लिहून घेतलं. बाकी आल्यावर.